नीट हवं की वाकडं?

फोनवर ऑर्डर घेताना मी आधी एकच गोष्ट विचारून घेते. "नीट हवं की वाकडं?" नवीन गिऱ्हाईक गोंधळतं. जुनं गिऱ्हाईक आवाज खाली आणून सांगतं, "वाकडंच द्या काकू. पण फार नको, चौथीतल्या मुलाइतकं."

तुम्हीही गोंधळला असाल, तर आधी धंदाच समजावून सांगते. मी घरी कागदाच्या वस्तूंचे संच बनवते. हल्ली त्याला किट म्हणतात. एका पाकिटात कापलेले कार्डशीटचे तुकडे, घोटीव कागद, दोरा, गोंदाची छोटी बाटली आणि कृतीचा कागद. घरी न्यायचं, मुलाने पायरी-पायरीने करायचं. कंदील, पतंग, राखी, शुभेच्छापत्रं, पाण्याचं चक्र, किल्ल्याचा बुरूज, शाळा सांगेल ते. पाकिटावर ठळक अक्षरांत छापलेलं असतं, 'स्वतः करा'. हे दोन शब्द आमच्या भागात कुणी वाचत नाही, असा माझा अनुभव आहे.

डोंबिवली पश्चिमेला कोपरमध्ये आमचं तीन खोल्यांचं घर. त्यातली एक खोली कागदाची. आमचे हे कोलशेतच्या एका रंगाच्या कारखान्यातून रिटायर झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात माझ्या खोलीत घुसले. कारखान्यात ते तपासणी विभागात होते. त्यामुळे माझ्या कागदाच्या होड्यांनाही फूटपट्टी लागायला लागली. "ही बाजू अर्धा मिलीमीटर जास्त आहे." अहो, होडी आहे, बादलीत सोडायची आहे. पण नाही. वीस वर्षं मी एकटीने केलेल्या कामात पहिल्या महिन्यात त्यांनी इतक्या चुका काढल्या, की त्यांना काहीतरी काम द्यावं म्हणून मी घड्या ओढायला बसवलं.

घडी ओढणं हा आमच्या कामाचा पाया. जाड कागद नुसता दुमडला तर दुमडलेल्या कडेला पापुद्रे सुटतात आणि घडी नागमोडी जाते. म्हणून जिथे घडी यायची तिथे आधी पट्टी लावायची आणि शाई संपलेलं बॉलपेन दाबून फिरवायचं. कागदावर बारीक खोलगट रेघ उमटते. मग बोट लावलं की कागद आपणहून तिथेच वळतो. साधी गोष्ट आहे, पण ज्याला माहीत आहे त्याची वस्तू दुकानातल्यासारखी दिसते आणि ज्याला माहीत नाही त्याची घरातल्यासारखी. आमच्या अख्ख्या बिल्डिंगला सवय लागलेली आहे, पेन संपलं की आमच्या दाराबाहेरच्या डब्यात आणून टाकायचं.

आता वाकड्याचं. सुरुवातीला मी इमानदारीने किटच विकायचे. मग एक बाई म्हणाल्या, "कापून द्याल का? त्याला कात्री देत नाही आम्ही." कापून दिलं. पुढच्या वेळी, "घड्या पण घालून द्या ना." दिल्या. मग, "चिकटवूनच द्या, रंग तो देईल." त्यानंतर रंगही माझ्याकडे आला. मी विचारलं, "मग मुलाने काय करायचं?" म्हणाल्या, "नाव घालेल ना." एका आईने तर नावही माझ्याकडूनच घालून घेतलं. "त्याचं अक्षर तुम्हाला काढता येईल का? वही पाठवते." आणि खरोखरच वही पाठवली. मी ते अक्षर गिरवलं. त्याचा 'र' आजही मला झोपेत काढता येईल.

तरी मी तेव्हा नीटच करत होते. एकदा डोंबिवली पूर्वेच्या एक बाई ताडताड जिना चढून आल्या. हातात मुलाची डायरी. मी केलेलं पाण्याचं चक्र बघून शिक्षिकेने लाल शाईत लिहिलं होतं, पालकांनी केलेलं प्रोजेक्ट घेतलं जाणार नाही.

"इतकं चांगलं कशाला केलंत?" बाई म्हणाल्या.

आयुष्यात चांगलं काम केल्याबद्दल कुणी भांडायला येईल असं वाटलं नव्हतं. मी नवीन करून द्यायचं कबूल केलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा डाव्या हातात कात्री धरली. ढग वाकडे कापले. नदीचा निळा रंग काठाबाहेर जाऊ दिला. गोंदाचं बोट एका डोंगरावर पुसलं. बाईंनी ते बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अगदी ओंकारने केल्यासारखं." शिक्षिकेने त्यावर दोन तारे दिले. मग ही बातमी एका शाळेच्या गेटवरून दुसऱ्या शाळेच्या गेटवर जायला वेळ लागला नाही.

वाकडं करणं नीट करण्यापेक्षा कठीण असतं, हे कुणाला पटत नाही. उगाच वाकडं केलं तर खोटं दिसतं. पहिलीतलं मूल गोंद जास्त लावतं. चौथीतलं मूल सुरुवात छान करतं आणि शेवटी कंटाळतं, म्हणून चौथीच्या वस्तूची उजवी बाजू डावीपेक्षा ढिली पाहिजे. सहावीतला मुलगा चुकीवर चमकी चिकटवून ती झाकतो. हे सगळं मी बघून-बघून शिकले आणि, खोटं कशाला बोलू, त्याचा मला अभिमानही वाटायचा. आमच्या ह्यांना मात्र त्याचा भयंकर त्रास व्हायचा. आयुष्यभर माल सरळ आहे की नाही बघितलेला माणूस. मी मुद्दाम वाकडं कापायला लागले की ते उठून गॅलरीत जायचे.

ह्यांना एकच गिऱ्हाईक मनापासून आवडलं. कोलशेतच्या एका मोठ्या टॉवरमधले इंजिनीअर गृहस्थ. त्यांनी मुलीसाठी पवनचक्कीचं किट नेलं आणि रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल केला. "मॅडम, तुमच्या किटमध्ये एक पार्ट एक्स्ट्रा आलाय." तो एक्स्ट्रा पार्ट म्हणजे पवनचक्कीचा तळ होता. तळाशिवायच त्यांनी पवनचक्की उभी केली होती आणि ती त्यांच्या हातात होती म्हणूनच उभी होती. मी सांगायला गेले तर म्हणाले, "डिझाइनमध्येच प्रॉब्लेम आहे." मी फोन ह्यांच्याकडे दिला. दोघे तासभर बोलले. भाताचा कुकर झाला, आमटी झाली, तरी ह्यांचं चालूच. मागे कुठेतरी ती मुलगी विचारत होती, "पप्पा, मी कधी करू?" शेवटी त्या गृहस्थांनी सगळं सामान परत पाठवलं आणि मला करून द्यायला सांगितलं. मी सवयीने विचारलं, नीट की वाकडं. थोडा विचार करून म्हणाले, "मी केल्यासारखं."

अशी माणसं. हसावं की कपाळाला हात लावावा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बहुतेक वेळा मी कपाळालाच हात लावते, कारण हसायला सवड नसते. दिवाळीच्या आधीचा महिना तर विचारूच नका. कंदील, कंदील आणि कंदील. गेल्या वर्षी त्याच दिवसांत मला बाळकुमच्या एका सोसायटीतून फोन आला.

सोसायटीच्या सांस्कृतिक समितीच्या मेघा मॅडम बोलत होत्या. "काकू, आमच्याकडे मुलांची कंदील स्पर्धा आहे. तुम्ही जज म्हणून याल का? सगळं हॅण्डमेड हां. पेरेंट्सची हेल्प अजिबात अलाऊड नाही."

परीक्षक म्हणून मला आजवर कुणी बोलावलं नव्हतं. मी लगेच हो म्हटलं. ह्यांनी विचारलं, "बाळकुमहून ह्या महिन्यात तुला वाकड्या कंदिलांच्या ऑर्डरी नाही का आल्या?" मी म्हटलं, बाळकुमात सोसायट्या काय थोड्या आहेत? माल घेऊन जायला डिलिव्हरीवाले येतात, कुठल्या बिल्डिंगमध्ये जातो ते मी कशाला बघू? ठेवणीतली साडी इस्त्रीला टाकली आणि तो विषय संपवला.

क्लबहाऊसमध्ये लांब टेबलं मांडली होती. सतरा कंदील. पहिल्या कंदिलापाशी गेले आणि माझे पाय थांबले. दुसऱ्यापाशी गेले, तिसऱ्यापाशी गेले. एकेका कंदिलाची ढिली बाजू, पुसलेला गोंद, एकीकडे कललेल्या झिरमिळ्या, सगळी माझ्या डाव्या हाताची कामगिरी. सतरातले अकरा कंदील माझे होते. भिंतीला लागून त्यांच्या आया उभ्या होत्या. त्यांनाही परीक्षक कोण हे तिथेच कळलं असावं. कुणी छताकडे बघत होती, कुणी माझ्याकडे बघून ओळखीचं हसत होती. मेघा मॅडमच्या मुलाचा कंदीलही माझाच निघाला. त्या मात्र शांत होत्या, जणू माझ्यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता.

उरलेल्या सहांपैकी पाच सरळ बाजारातून आणलेले. एकाच्या आत बनवणाऱ्याचं स्टिकरही तसंच होतं. मी इतकी वैतागले होते, की तोंडाने नुसती "छान, छान" म्हणत पुढे सरकत होते. स्वतःवर, त्या आयांवर, त्या साडीवर, सगळ्यावर चिडले होते.

आणि मग सतरावा कंदील आला. चांदणीच्या आकाराचा, आठ सुळक्यांचा. वह्यांना घालतात त्या खाकी कागदाचा. त्यावर सुईने बारीक टोचून नक्षी केलेली, म्हणजे आत दिवा लावला की ठिपक्याठिपक्यांनी उजेड यावा. सुळके सरळ, कडा कडक. मी तो उचलून डोळ्यांजवळ नेला. प्रत्येक घडीवर बॉलपेनची दाबलेली रेघ होती.

माझं डोकं फिरलं. मुलं घडी ओढत नाहीत. वीस-बावीस वर्षांत घडी ओढणारं एकही मूल मी बघितलेलं नाही. मी ठरवूनच टाकलं, हे डिझाइनचा कोर्स केलेल्या कुणा हौशी आईचं काम आहे. खाकी कागदाची हल्ली फॅशनही आहे. इतक्या सगळ्या खोटेपणात निदान एक तरी खोटं उघड करावं, असं मला वाटलं. मी माइक घेतला.

"पालकांची मदत चालणार नाही असा नियम आहे," मी म्हटलं. "ह्या खाकी कंदिलाच्या घड्या मोठ्या माणसाच्या हातच्या आहेत. मुलं अशा घड्या घालत नाहीत. म्हणून हा कंदील मी बाद करते."

टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात त्या अकरा जणींनी वाजवल्या. मधल्या रांगेतून पाचवीतली एक मुलगी उठली. दोन वेण्या, चष्मा.

"मी केलाय," ती म्हणाली.

मी माइकमधूनच गोड आवाजात म्हटलं, "बाळा, पुढच्या वेळी मम्मीला सांग, तुला करू दे." मुलं खो-खो हसली. ती मुलगी वळली. चप्पल घातली आणि निघून गेली, कंदील न घेताच. पहिलं बक्षीस मी एका मुलाला दिलं. ज्याला दिलं तो कंदील मी केलेला होता आणि त्याची शेपटी मी स्वतः तिरकी लावली होती.

निघताना मेघा मॅडमनी तो खाकी कंदील माझ्या हातात ठेवला. "हा कुणी घेऊन गेलं नाही. तुम्हाला काही उपयोग असेल तर बघा."

मी तो घेतला, कारण मला त्या हौशी बाईचा हात बघायचा होता. खरं सांगते, मला मत्सर वाटत होता. ठाण्यात माझ्यापेक्षा सफाईने काम करणारी ही कोण, हे मला शोधायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मी कंदील टेबलावर घेतला आणि एक सुळका हलकेच उकलला.

आत खाकी कागदाखाली माझीच कार्डशीट होती. कोपऱ्यात माझा रबरी शिक्का, कागदाच्या होडीचा. माझंच किट. कंदिलाचं सगळ्यात जुनं, ज्यात सगळं मुलानेच करायचं असतं आणि म्हणून जे कुणी मागत नाही. चांदणी इतक्या जणांकडे असते, की वरून खाकी कागद बघून मी ओळखली नाही. एकेक सुळका उकलत गेले. प्रत्येकाच्या आत पेन्सिलीने बारीक आकडा घातलेला होता, एक ते आठ. अदलाबदल होऊ नये म्हणून तसे आकडे घाला, असं मीच कृतीच्या कागदावर लिहिलेलं आहे. आणि दुसऱ्या पायरीत मीच लिहिलेलं आहे, घडी घालण्याआधी रेघेवरून शाई संपलेलं बॉलपेन फिरवावं.

मी ते ह्यांना दाखवलं. त्यांनी सवयीने पट्टी लावली. "सगळ्या बाजू सारख्या आहेत," ते म्हणाले आणि माझ्याकडे बघायचं टाळून पट्टी जागेवर ठेवली.

मला खुर्चीत बसवेना. माझा कागद शब्दन्‌ शब्द वाचून, जसा सांगितला तसा कंदील करणारी आजवर एकच मुलगी मला भेटली, आणि तिला मी चारचौघांत खोटारडी ठरवलं. का? अकरा जणी माझी गिऱ्हाईकं होती, त्यांना बोलायची हिंमत माझ्यात नव्हती. जिच्याशी माझा काही व्यवहार नव्हता, तिच्यावर मी माझा खरेपणा दाखवून घेतला. घड्या वगैरे सगळं नंतरचं.

मेघा मॅडमकडून पत्ता घेतला. मोठागावच्या पुलावरून माणकोली, पुढे कशेळीचा पूल ओलांडला की बाळकुम. रिक्षात मांडीवर भेट म्हणून एक मोठं किट घेतलं होतं, सगळ्यात महागातलं. वाटलं, मुलगी खूश होईल, घरचे चहा करतील, विषय मिटेल.

मुलीचं नाव आरोही. मागच्या विंगमध्ये राहते. पूर्वी तिथे तिच्या घरच्यांचीच शेती होती, जमीन गेली आणि बदल्यात फ्लॅट आले. दार आजीने उघडलं. मी कोण ते सांगितलं. आजीने मला आत घेतलं, पण बस म्हणायला जरा वेळ लावला.

"पोरीनं एकटीनं केलंय, बाय," ती म्हणाली. "तिची आयस हॉस्पिटलात नर्स हाय, डुटीवरून येते ती झोपते. बाप पुण्याला. मला तर डोळ्यांनी दिसत नाय. करून देणार कोण?"

किट तिच्या आईने खूप वर्षांपूर्वी ठाण्यातल्या एका प्रदर्शनात माझ्या टेबलावरून घेतलं होतं, मुलगी मोठी झाली की करेल म्हणून. कपाटात राहून त्यातले रंगीत कागद विटले. म्हणून आरोहीने शाळेच्या वह्यांचा उरलेला खाकी कागद वापरला होता.

आरोही आतल्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. मी म्हटलं, "बाळा, माझी चूक झाली. मी कंदील उघडून बघितला, तूच केलायस. हे बघ, तुझ्यासाठी आणलंय."

तिने किटकडे बघितलं. "मला नको."

"अगं, घे."

"स्कूल बसमध्ये सगळे मला चीटर म्हणतात," ती म्हणाली. आवाजात रडं नव्हतं. "तुम्ही माइकवर बोललेलात ना? मग माइकवरच सांगा."

मी म्हटलं, सांगेन. मग तिने विचारलं, "आणि फर्स्ट कोणाचा मग?"

मी किट उचललं आणि चपला घातल्या. तिचा पहिला म्हणायचा तर बाकीच्यांचं काय ते सांगावं लागणार, आणि ते सांगितलं की माझी अकरा घरं तुटणार. अकरा घरांची शाळेच्या गेटवर बावीस होतात. परतताना रिक्षात ते महागातलं किट मांडीवर तसंच होतं.

मेघा मॅडमना फोन केला. त्या एकदम मऊ आवाजात बोलायला लागल्या. "काकू, जाऊ दे ना आता. दिवाळी आहे. आम्ही तिला कन्सोलेशन प्राइझ देतो. तिच्या आईशी मी पर्सनली बोलते." मी म्हटलं, तिने माइकवर मागितलंय. "लहान आहे हो ती. चार दिवसांत विसरेल." मला ते पटायला आलं होतं, हे कबूल करते. मी ह्यांना विचारलं, काय करू? हे म्हणाले, "माल परत आला की आपण कारखान्यात कारण लिहायचो. खरं कारण. नाहीतर पुढचा माल पण तसाच जातो." आणि पुन्हा घड्या ओढायला बसले.

पाडव्याच्या संध्याकाळी सोसायटीत गाण्यांचा कार्यक्रम होता. मेघा मॅडमनी नाइलाजाने मला दोन मिनिटं दिली. इतक्या वर्षांत मी कुणाच्या समोर घाबरले नव्हते, त्या दिवशी माइक दोन्ही हातांनी धरला. मी सांगितलं, की खाकी कंदील आरोहीने एकटीने केलेला आहे, बाद करण्यात माझी चूक झाली, पहिलं बक्षीस तिचं आहे. मग म्हटलं, "बाकीच्या कंदिलांपैकी अकरा मी केलेले आहेत. मीच केले आणि मीच तपासले. ज्यांनी ऑर्डर दिली त्यांची नावं मी घेणार नाही, पण मुलांना माहीत आहेत."

पुढे काय झालं ते आधी सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला चुटपुट नको. कुणी भांडलं नाही. भांडायला उठणारी आपोआप ओळखू आली असती. ज्या मुलाला मी बक्षीस दिलं होतं तो उठला आणि ट्रॉफी आणून टेबलावर ठेवून गेला, त्याच्या आईने हात धरलेला असतानाही. बाळकुमचे बरेच फोन बंद झाले. मेघा मॅडमनी मला स्पर्धेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून काढलं. आणि महिनाभराने त्यातल्याच एकीचा फोन आला. "काकू, ह्या वेळी नाताळची चांदणी हवीय. वाकडी नको हां. त्या खाकीवाल्या मुलीसारखी नीट करून द्या." मी म्हटलं, "ती किटमध्ये मिळते. मुलाला स्वतः करावी लागते." पलीकडून म्हणाल्या, "बरं, बघते," आणि फोन ठेवला. अजून बघतायत.

तर त्या संध्याकाळी. माझं बोलून झाल्यावर टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणाला कळेना. सूत्रसंचालन करणाऱ्या तरुणाने वेळ सावरायला आरोहीला वर बोलावलं. ती आली. पहिल्या रांगेत आजी होती आणि आजीशेजारी ड्यूटीवरून थेट आलेली तिची आई, अजून आयकार्ड गळ्यात असलेली. त्याने माइक आरोहीच्या तोंडासमोर धरला. "आता कसं वाटतंय? काकूंना काही सांगायचंय?"

मला वाटलं, थँक्यू म्हणेल. किंवा काहीच म्हणणार नाही.

"हो," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "तुमच्या कागदावर सातवी पायरी चुकलीय. वरचं तोंड चिकटवून झाल्यावर दोरा ओवा असं लिहिलंय. पण तोंड बंद झाल्यावर दोरा आत जातच नाही. आधी ओवायला लागतो. मला सगळं परत उघडायला लागलं. दोन दिवस गेले."

लोक हसले. मी हसले नाही. मी मनातल्या मनात कंदील करून बघत होते. सुळके, तळ, वरचं तोंड. मुलगी बरोबर सांगत होती. माझे हात दोरा नेहमी आधीच ओवतात, पण लिहिताना मी तो नंतर लिहिला होता.

तो कागद मी बारा वर्षांपूर्वी लिहिला. तेव्हापासून प्रत्येक पाकिटात, करून दिलेल्या कंदिलासोबतही, तोच जातो. जुन्या ठाण्यात, घोडबंदर रोडला, कल्याणला, डोंबिवलीच्या दोन्ही बाजूंना, किती घरांत गेला असेल देव जाणे. बारा वर्षांत त्या कंदिलाची एकही तक्रार माझ्याकडे आली नव्हती.